डलहौसीचा वारस कोण होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साताऱ्याच्या महाराजांनी मरताना घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा केलं. मग खुद्द इंग्रज उमरावांच्या घरात मूल नसेल तर काय व्हायचं? त्यांना दत्तक चालायचा का? उमरावाची पदवी मुळात मिळते कशी, जाते कुणाला आणि बुडते कधी?

दत्तक चालत नाही. १८४८ मध्ये चालत नव्हता, आजही चालत नाही. इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकाची सोयच मुळी १९२६ साली झाली. आज दत्तक मुलाला घर, पैसा, आडनाव सगळं मिळतं, पदवी तेवढी कायद्याने वगळलेली आहे. २००४ साली राणीच्या हुकुमाने एक सवलत मिळाली. उमरावाच्या दत्तक मुलांना नावामागे 'ऑनरेबल' किंवा 'लेडी' लावता येऊ लागलं. बाप गेल्यावर त्याच्या जागी बसण्याचा हक्क मात्र त्यांना नाही.

आता डलहौसीचं ऐका. साताऱ्याचे शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब, एप्रिल १८४८ मध्ये वारले. राज्य खालसा झालं. पुढच्याच वर्षी पंजाब गिळल्याबद्दल डलहौसीला 'मार्क्विस ऑफ डलहौसी' ही नवी पदवी मिळाली. मग १८५३ अखेर एका महिन्याच्या आत झाशीचे गंगाधरराव आणि नागपूरचे रघुजी भोसले वारले आणि ती दोन्ही राज्यंही त्याच तत्त्वावर गेली. १८६० च्या डिसेंबरात डलहौसी स्वतः वारला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मागे दोन मुली, मुलगा नाही. मार्क्विसपद त्याच क्षणी संपलं. अकरा वर्षं टिकलं म्हणायचं. त्याच्या वडिलांना १८१५ साली मिळालेलं बॅरनपदही त्याच दिवशी बुडालं. पण १६३३ पासून घराण्यात चालत आलेलं 'अर्ल ऑफ डलहौसी' हे जुनं स्कॉटिश पद बुडालं नाही. ते चुलतभावाकडे, फॉक्स मॉल नावाच्या राजकारण्याकडे गेलं. तो क्रिमियन युद्धाच्या काळात इंग्लंडचा युद्धमंत्री होता.

एकच माणूस मेला, तीन पदव्या होत्या, दोन बुडाल्या आणि एक तरली. असं का, हे कळलं की बाकी सगळं कळतं.

मी बरीच वर्षं लंडनमध्ये वारस शोधण्याचं काम करतो. बहुतेक वेळा बेवारस घर किंवा बँकेत पडून राहिलेला पैसा असतो, पदवीचं प्रकरण क्वचित येतं. आपल्याकडून आलेल्या लोकांचा एक गैरसमज मला हमखास दिसतो. ते पदवीला वतन समजतात. पाटीलकी जशी घराण्याची, भाऊबंदांत वाटली जाणारी, प्रसंगी गहाण पडणारी, तशी ती असेल असं त्यांना वाटतं. इंग्रजी पदवी विकता येत नाही, वाटता येत नाही, मृत्युपत्रात कुणाला लिहून देता येत नाही. राजाला परतही करता येत नाही. तसा निकाल १६७८ सालीच एका व्हायकाउंटपदाच्या खटल्यात लागला. ती ज्या सनदेने दिली त्या सनदेत जे शब्द लिहिले असतील त्यांच्यामागे ती निमूट चालत राहते. म्हणून पदवीचा कागद आला की मी आधी वंशवृक्ष बघत नाही, सनद बघतो.

सनदेला तिकडे 'लेटर्स पेटंट' म्हणतात. राजाची मोठी मोहोर लावलेला तो उघडा कागद असतो. त्यात पदाचा दर्जा (खालून वर बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक), पदाचं नाव, कुठल्यातरी गावाचा उल्लेख, आणि शेवटी ते एक वाक्य असतं ज्यावर आमचा धंदा चालतो. नेहमीचा मजकूर मराठीत साधारण असा होईल: 'त्यास, आणि त्याच्या देहापासून कायदेशीररीत्या झालेल्या व होणाऱ्या पुरुष वारसांस.' देहापासून म्हटलं की दत्तक गेला. कायदेशीररीत्या म्हटलं की लग्नाबाहेरची संतती गेली. पुरुष म्हटलं की मुली आणि मुलींची मुलं गेली. आणि 'त्याच्या' देहापासून, म्हणजे ज्याला पदवी पहिल्यांदा मिळाली त्याच्या. हा शेवटचा मुद्दा लोकांच्या हमखास नजरेतून सुटतो.

डलहौसीवर हे लावून बघा. मार्क्विसपदाचा पहिला धनी तो स्वतःच. त्याच्या देहापासून पुरुष वारस नाही. चुलतभाऊ कितीही जवळचा असला तरी तो डलहौसीपासून झालेला नाही. संपलं. १८१५ च्या बॅरनपदाचा पहिला धनी त्याचा बाप. फॉक्स मॉल हा त्या बापाच्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणजे तिथेही रेषेबाहेर. पण १६३३ च्या अर्लपदाचा पहिला धनी दोघांचाही पूर्वज. तिथे चुलतभाऊ रेषेत आला. पुढे १८७४ मध्ये फॉक्स मॉल निपुत्रिक वारला, तेव्हा त्याचं स्वतःचं पॅनम्यूरचं बॅरनपद बुडालं आणि अर्लपद आणखी एका चुलत शाखेतल्या आरमारी अधिकाऱ्याकडे सरकलं. ते अजून चालू आहे.

'खालसा' हा शब्द आपल्या डोक्यात इतका घट्ट बसला आहे की डलहौसीची पदवीही खालसा झाली असं म्हणावंसं वाटतं. काव्यगत न्याय म्हणून ठीक. पण एक फरक आहे. मार्क्विसपदाबरोबर राज्य नव्हतं, रयत नव्हती, खजिना नव्हता. बुडाला तो एक शब्द. साताऱ्याला मात्र सगळंच गेलं. आणि माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर साताऱ्याची बाजू मला कागदावरसुद्धा मजबूत वाटते. १८१९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी जो तह केला त्यात राज्य त्यांना आणि त्यांच्या 'वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना' दिलं होतं. 'देहापासून झालेल्या पुरुष वारसांना' हे शब्द त्यात नव्हते. इंग्रजी मसुदा लिहिणाऱ्या माणसाला या दोन शब्दप्रयोगांतला फरक झोपेतही कळतो. त्याच्या देशात त्या फरकावर जमिनी आणि पदव्या उभ्या किंवा आडव्या होत होत्या. वारस म्हणजे कोण हे ज्या शास्त्राने ठरायचं ते हिंदू शास्त्र, आणि त्यात दत्तक हा पुत्रच. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने खालसाला विरोध केला होता. त्याचं कुणी ऐकलं नाही.

तो १८१९ चा तह झाला तेव्हा गव्हर्नर जनरल होता लॉर्ड हेस्टिंग्ज. (वॉरन हेस्टिंग्ज वेगळा. त्याला उमरावी कधीच मिळाली नाही.) पेशवाई बुडवणारा तो हाच. त्याचं मार्क्विसपद मात्र पेशवाईबद्दलचं नाही, आधीच्या गुरखा युद्धाबद्दलचं. या घराण्याचं प्रकरण डलहौसीपेक्षा कितीतरी रंगीत आहे. नवीन माणूस आमच्याकडे शिकायला आला की मी त्याला हेच प्रकरण सोडवायला देतो.

फ्रान्सिस रॉडन-हेस्टिंग्ज याच्याकडे पदव्या चारी दिशांनी आल्या. बापाकडून आयरिश अर्लपद, मोइरा. स्वतःच्या कर्तबगारीने १७८३ मध्ये ग्रेट ब्रिटनचं बॅरनपद आणि पुढे मार्क्विसपद. आईकडून इंग्लंडची जुनी मध्ययुगीन बॅरनपदं: बोट्रो, हंगरफोर्ड, दि मोलेन्स, हेस्टिंग्ज. आणि बायको फ्लोरा ही स्वतःच्या हक्काने स्कॉटलंडची काउंटेस ऑफ लाउडन, म्हणजे पुढच्या पिढीत तेही अर्लपद याच घरात. फ्रान्सिस १८२६ मध्ये नेपल्सजवळ जहाजावर वारला, माल्टात पुरला गेला. मरताना त्याने सांगितलं होतं की माझा उजवा हात कापून ठेवा आणि बायको जाईल तेव्हा तिच्याबरोबर पुरा. तसं केलं गेलं. वारसाहक्काशी याचा काही संबंध नाही, पण ही फाइल उघडली की तो हात आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याचा नातू हॅरी हा चौथा मार्क्विस. थोरला भाऊ अठराव्या वर्षी बुडून मेला म्हणून पद याच्याकडे आलं. हॅरी घोड्यांवर पैसा लावणारा. १८६४ मध्ये त्याने लेडी फ्लॉरेन्स पॅजेट हिला पळवून नेलं. तिचं लग्न हेन्री चॅपलिन नावाच्या जमीनदाराशी ठरलेलं होतं. लंडनच्या एका मोठ्या कापडदुकानाच्या एका दारातून ती आत गेली आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडून हॅरीकडे गेली, असं सांगतात. तीन वर्षांनी डर्बीच्या शर्यतीत चॅपलिनचा हर्मिट हा घोडा धावला. हॅरीने तो हरणार यावर पैसे लावले होते. हर्मिट जिंकला. हॅरीचं नुकसान सुमारे १,२०,००० पौंड. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८६८ मध्ये, तो सव्वीस वर्षांचा असताना मेला. मूल नाही, भाऊ नाही, चार बहिणी.

आता पाहा. मार्क्विसपद, त्याबरोबरची छोटी पदं, ग्रेट ब्रिटनचं बॅरनपद आणि आयरिश मोइरा या सगळ्यांच्या सनदा पुरुष वारसांच्या. सगळी बुडाली, कायमची. लाउडनचं स्कॉटिश अर्लपद बायकांना जाऊ शकत होतं. ते थोरल्या बहिणीकडे, ईडिथकडे, आपोआप गेलं. आणि फ्रान्सिसच्या आईकडून आलेली ती जुनी इंग्लिश बॅरनपदं ना बुडाली, ना कुणाला मिळाली. ती अधांतरी लटकली.

या अधांतरी अवस्थेला 'अबेयन्स' म्हणतात. ही खास इंग्लंडची चीज. मध्ययुगात बॅरन करण्याची सनद सहसा नसे. राजा एखाद्याला पत्र धाडून पार्लमेंटला बोलावी. पुढे सतराव्या शतकात न्यायाधीशांनी असं ठरवलं की ज्याला तसं बोलावणं आलं आणि जो खरोखर जाऊन बसला, त्याला वंशपरंपरागत बॅरनपद मिळालं असं धरायचं. खुद्द त्या मध्ययुगातल्या लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटलं असतं. माझ्या मते ही चक्क मागाहून रचलेली गोष्ट आहे. पण कायदा म्हणून ती रुजली. अशा पदाला 'पुरुष वारस' ही अट नाही, कारण अट लिहायला सनदच नाही. मुलगा नसेल तर मुलीला मिळतं. मुलगी एकच असेल तर प्रश्न नाही. दोन किंवा जास्त असतील तर पंचाईत. इंग्रजी कायद्यात मुलग्यांत थोरला मोठा, पण मुलींत थोरली-धाकटी असा भेद नाही, सगळ्या सारख्या. पद तर वाटता येत नाही. मग ते कुणाकडेच जात नाही. सगळ्या बहिणींच्या वंशांतून शेवटी एकच माणूस उरला तर त्याच्याकडे आपोआप येतं, नाहीतर राजाने मर्जीने एकीच्या बाजूने कौल द्यायचा. हॅरीच्या चार बहिणींमधून राणी व्हिक्टोरियाने १८७१ मध्ये ईडिथच्या बाजूने कौल दिला. तीन वर्षं ती पदं अधांतरी होती. ही काहीच मुदत नव्हे. ग्रे ऑफ कॉडनर हे बॅरनपद १४९६ मध्ये लटकलं ते १९८९ मध्ये खाली आलं. या खेळाला आवर घालायला १९२० च्या दशकात नियम झाला, की शंभर वर्षांहून जास्त लटकलेलं पद उठवायचं नाही आणि मागणाऱ्याचा वाटा निदान एक तृतीयांश हवा. कॉडनरचा दावा त्या नियमाआधीच दाखल झालेला होता, म्हणून तो निभावला.

लाउडनचं अर्लपद आणखी फिरलं. बायकांच्या बाजूने जात ते २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या जेरिल्डरी या छोट्या गावात राहणाऱ्या माणसाकडे पोचलं. पेशवाई बुडवणाऱ्याच्या बायकोची पदवी ऑस्ट्रेलियातल्या त्या गावात पोचली, आणि त्याची स्वतःची कुठेच नाही.

बुडणं आणि झोपणं यातही फरक करा. हेस्टिंग्जच्या आईच्या माहेरी हंटिंगडन हे १५२९ चं अर्लपद होतं, फक्त पुरुषांसाठी. तिचा भाऊ १७८९ मध्ये अविवाहित वारला आणि सगळ्यांनी मानलं की पद संपलं. ते संपलं नव्हतं, वारस कुणाला माहीत नव्हता. तीस वर्षांनी हेन्री न्यूजंट बेल नावाच्या एका उद्योगी वकिलाने आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावी लष्करी कोठार सांभाळणारा हान्स फ्रान्सिस हेस्टिंग्ज हा गृहस्थ शोधून काढला. तो दुसऱ्या अर्लच्या एका धाकट्या मुलाच्या शाखेतला होता, आणि तो दुसरा अर्ल वारला होता १५६० मध्ये. बेलने जुनी थडगी आणि चर्चच्या वह्या धुंडाळून साखळी जुळवली आणि १८१९ च्या सुरुवातीला कोठारवाला अर्ल झाला. तेच साताऱ्याच्या तहाचं साल. एका हेस्टिंग्जच्या सहीच्या राज्यात तिकडे नवी गादी उभी राहत होती आणि इकडे त्याच्या आजोळची मेलेली समजलेली पदवी उठून बसली होती. बेलच्या या प्रकरणामुळे आमच्यापैकी कित्येक जण या धंद्यात आले, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे असं एकही प्रकरण मिळालं नाही.

'कायदेशीररीत्या' या शब्दाने किती घरं बुडवली याचा हिशेब नाही. टिपू सुलतानाच्या पाडावाबद्दल लॉर्ड वेलस्ली याला १७९९ मध्ये मार्क्विसपद मिळालं, पण आयर्लंडचं. आयरिश पद खालच्या प्रतीचं मानलं जाई, म्हणून तो चिडून त्याला 'दुहेरी मुलामा दिलेला बटाटा' म्हणत असे. त्याला मुलं होती. पण ती सगळी लग्नाआधीची; आईशी त्याने नंतर रीतसर लग्न केलं तरी तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात मागाहून केलेल्या लग्नाने आधीची मुलं औरस होत नसत. १८४२ मध्ये तो गेला आणि बटाटाही गेला. पुढे १९२६ च्या कायद्याने अशा मुलांना औरस ठरवायची सोय केली. पदव्या त्यातूनही वगळल्या.

याच शब्दावर एका हिंदी माणसाच्या घराला दहा-अकरा वर्षं तिष्ठावं लागलं. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, बंगालमधले रायपूरचे, हे १९१९ मध्ये बॅरन सिन्हा झाले. वंशपरंपरागत उमरावी मिळालेले ते पहिले हिंदी. १९२८ मध्ये ते वारले. मुलगा अरुणकुमार पद मागायला गेला तर प्रश्न निघाला, की आईबापांचं लग्न हिंदू पद्धतीने झालेलं. त्या पद्धतीत दुसरी बायको करायला मुभा. मग इंग्रजी कायद्याच्या नजरेने हे लग्नच खरं का? बाप एकपत्नी होता, दुसरं लग्न कधी केलंच नाही, पण शंका पद्धतीवर होती. १९३९ मध्ये पार्लमेंटच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने निकाल दिला की पुढे नवराबायको ब्राह्मो समाजात गेली तेव्हा ते लग्न एकपत्नीकच झालं, त्यामुळे मुलगा औरस. मग त्याला बोलावणं गेलं. हा निकाल वाचताना मला प्रत्येक वेळी साताऱ्याची आठवण येते. एका बाजूला हिंदू शास्त्रातला मुलगा मुलगा नव्हे, दुसऱ्या बाजूला हिंदू शास्त्रातलं लग्न लग्न आहे का याचा खल.

बरं, राजाला सनदेत वेगळे शब्द घालता येत नाहीत का? येतात, आणि वजनदार माणसासाठी घातले जातात. आपण ज्याला दत्तकाची सोय म्हणतो तिच्या जवळ जाणारी इंग्रजांकडची गोष्ट हीच, फक्त ती पदवी देतानाच करून घ्यायची असते. मरताना करायला गेलात तर उशीर झालेला असतो. कानपूरला जन्मलेला सेनापती रॉबर्ट्स याचा एकुलता हयात मुलगा १८९९ मध्ये बोअर युद्धात मेला. म्हणून १९०१ च्या अर्लपदाच्या सनदेत मुलींचं नाव घातलं. दोन्ही मुली एकामागून एक काउंटेस झाल्या. धाकटीचा मुलगा १९४० च्या लढाईत मेला आणि १९५५ मध्ये ती गेल्यावर पदही गेलं. माउंटबॅटनला दोन मुलीच. त्याच्या सनदेतही मुलींची तरतूद होती, म्हणून १९७९ मध्ये त्याची हत्या झाली तेव्हा थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस झाली. डलहौसीलाही १८४९ मध्ये दोन मुलीच होत्या. पण तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता, मुलगा होईल असं धरलं असणार. १८५३ मध्ये त्याची बायको मायदेशी जाताना जहाजावर वारली.

आपल्या इतिहासाशी जोडलेली आणखी एक पदवी सांगून टाकतो, कारण तिचा मराठीत कुणी उल्लेख करत नाही. १८०३ मध्ये शिंद्यांच्या फौजांना दिल्ली आणि लासवारी इथे हरवणारा जनरल लेक याला पुढच्या वर्षी बॅरनपद मिळालं ते 'दिल्ली आणि लासवारी'च्या नावानेच. पुढे तो व्हायकाउंट झाला. तिसरा व्हायकाउंट १८४८ मध्ये पुरुष वारसाविना वारला आणि पदवी बुडाली. सातारा गेलं तेच वर्ष.

आता नवीन वंशपरंपरागत पदव्या देणं जवळपास थांबलं आहे. १९५८ पासून हयातीपुरते उमराव करायचा कायदा आहे आणि सगळी भरती तिथूनच होते. राजघराणं सोडून शेवटची वंशपरंपरागत पदवी १९८४ ची, माजी पंतप्रधान मॅकमिलन यांचं अर्लपद. त्याच्या आदल्या वर्षी दोन व्हायकाउंट झाले होते: जॉर्ज थॉमस अविवाहित, आणि विली व्हाइटलॉ यांना चार मुली. वंशपरंपरागत म्हणून दिलेली दोन्ही पदं त्यांच्याबरोबरच गेली. देणाऱ्यांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. १९९९ च्या कायद्याने लॉर्ड्सच्या सभागृहातल्या वंशपरंपरागत उमरावांच्या जागाही बहुतेक काढून घेतल्या. तेव्हा ९२ ठेवल्या. पदवी नको असेल तर १९६३ पासून ती हयातीपुरती नाकारता येते. नाकारणारा गेला की पुढचा वारस तिथेच उभा असतो. मधल्या काळात पदवी बुडत नाही.

विकतच्या पदव्यांबद्दल एक वाक्य: इंटरनेटवर 'लॉर्ड व्हा' म्हणून जे विकतात ते फार तर एखाद्या जुन्या जहागिरीचं मालकीनाव असतं किंवा स्कॉटलंडमधली वावभर जमीन, त्याचा उमरावीशी संबंध नाही, पैसे घालवू नका.

दावा कसा सिद्ध करतात, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. स्वतःपासून पहिल्या धन्यापर्यंत प्रत्येक पायरीला जन्म आणि आईबापांचं लग्न दाखवावं लागतं. ते जमतं. अवघड असतं ते नकारार्थी सिद्ध करणं: आपल्याहून वरच्या प्रत्येक शाखेत आता कुणी पुरुष उरलेला नाही. थोरल्या पातीतला एक पोरगा १८५० च्या सुमारास कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात गेला आणि नंतर त्याची खबर नाही, अशी ओळ वंशवृक्षात आली की काम थांबतं. तो अविवाहित मेला की कुठे संसार थाटून राहिला? अलीकडे डीएनए चालतो. स्कॉटलंडच्या एका जुन्या बॅरोनेटपदाचा (ही उमरावीच्या खालची वंशपरंपरागत पदवी) निकाल २०१६ मध्ये त्यावरच लागला, आणि त्यात आधीच्या पिढीतला एक 'वारस' वारसच नव्हता असं निघालं. पण मेलेल्या शिपायाचा डीएनए आणणार कुठून. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला धाडल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि माझे कित्येक दिवस तिथेच गेले आहेत. नोंद सापडत नाही तिथे थडग्याचा दगड उपयोगी पडतो. खडकी, पुणे, अहमदनगर, देवळाली अशा छावण्यांच्या दफनभूमींतले दगड पावसाने दरवर्षी थोडे झिजतात. तुमच्या गावाजवळ अशी जागा असेल तर उन्हं तिरपी असताना फोटो काढा, अक्षरं तेव्हा उठून दिसतात. नाव आणि तारीख सगळेच टिपतात; त्याखालची 'अमक्याचा मुलगा' किंवा 'अमक्याचा नवरा' ही बारीक ओळ नीट आली आहे ना, तेवढं बघा.